काट्यावर

राधानगरी ओलांडली तशी आण्णांनी काच खाली घेतली.
धैर्यशील म्हणाला, एसी लावलाय.
आण्णा म्हणाले, असू दे.

मागं आई, वहिनी, मी, माझ्या मांडीवर पृथा,
पायांत दही-बुत्तीचा डबा, भडंगाची पिशवी
आणि आईनं ‘लागल्या तर’ म्हणून घेतलेल्या तीन शाली.
फेब्रुवारी संपत आलेला.
उसाच्या ट्रॉल्या निम्मा रस्ता अडवून पुढं.

पृथाला खाण म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं :
डोंगराला तोंड असतं, आत रूळ, रुळांवर ढकलगाडी
आणि पार टोकाला काहीतरी चमकणारं.
ती टॉर्च घेऊन आली होती.

खाणीला तोंडच नव्हतं.
नुसता सडा, परातीसारखा पसरट,
तांबडा, कडेनं कातरलेला,
मधे हिरवट पाणी, काठाला गव्यांचे खूर उमटलेले.
कॉलनीच्या भिंती कमरेएवढ्या.
एका चौथऱ्यावर गिरणीच्या जात्याची अर्धी पाळ.
एसटीच्या थांब्यावर गावाच्या नावातलं
‘वाडी’ तेवढं उरलेलं.

‘डोंगर कुठाय, आजोबा?’
आण्णांनी हात वर केला,
मग चवड्यांवर उभं राहून अजून थोडा.
‘हितपतूर हुता. वर शेळ्या चरायच्या.’
आम्ही सगळे तिकडं बघत राहिलो.
शेळ्यांच्या जागी एक घार फिरत होती.
‘मग गेला कुठं?’
आण्णांनी आईचा जुना अल्युमिनियमचा डबा उचलला,
बोटानं टकटक वाजवला.
‘ह्यात हाय थोडा.’
पृथानं डबा कानाला लावला.

वजनकाटा सापडायला वेळ लागला.
घाणेरीत बुडालेला. धैर्यशीलनं काठीनं झुडपं सारली.
लोखंडी पाट गंजून फुगलेला,
शेजारी चौकट उरलेली खिडकी, तिच्याआड
आण्णांची एकोणीस वर्षं.

‘चढा,’ आण्णा म्हणाले. चढलो.
आई म्हणाली, मला नको, माझं सगळ्यांना कळंल.
तिलाही ओढून घेतली.
आण्णा चौकटीआड जाऊन उभे राहिले,
चष्मा वर सारला, नसलेला काटा वाचला :
‘गाडी वजा जाता निव्वळ माल
दोनशे ब्याण्णव किलो. सही, केरबा साळोखे.’
वहिनी तर खोकला येईस्तोवर हसली.

आण्णा तिथनं बाहेर आलेच नाहीत.
कुणाकडं न बघता म्हणाले,
‘एक गाडी तोलली न्हाई मी.
भैरू वरक हुता तिच्यात, मातीखालनं काढल्याला.
वर ताडपत्री.
ड्रायव्हर म्हणला, काट्यावर घ्यू का?
नियम हुता, परत्येक गाडी.
मी म्हणलं, जा.
वहीत ती ओळ कोरी ऱ्हायली.
सायबानं इचारलं तवा म्हणलं, काटा अडकला हुता.’

आईनं हे कधी ऐकलं नव्हतं.
ती पाटावरून उतरली,
काटा अजून चालू असल्यासारखी, हळू.

पृथानं विचारलं, भैरू किती किलोचा होता?
वहिनीनं तिचा दंड धरला.
‘इचारू दे की,’ आण्णा म्हणाले.
‘बारका हुता. तुझ्या बापापेक्षा बारका.’

पाण्याच्या काठाला जेवलो.
दही-बुत्तीला डब्याची चव येते असं मी दरवेळी म्हणते.
पृथानं भर उन्हात टॉर्च लावून
एका बिळात बघितलं. खेकडा निघाला.

येताना हळदीजवळ रसवंतीला थांबलो.
आण्णांनी बर्फ नको सांगितलं, तरी त्यानं घातला.
आईनं ग्लास हातातच धरून विचारलं,
‘त्याच्या घरचं हाय का कोण आता?’
‘असंल. बहीण हुती, गगनबावड्याकडं दिल्याली.’
‘नाव?’
आण्णांनी बराच वेळ आठवलं.
मग रसात बोट घालून बर्फाचा खडा काढून टाकला.

रंकाळा येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही.
पृथा झोपलेली, हातात टॉर्च चालूच,
गाडीच्या छताला एक पिवळा डाग
खड्ड्याखड्ड्याला हलत.